भंगारातली सावली : प्रस्तावना

आमच्या अकोल्याच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी यायचा. दिवाळी झाली, रात्री जरा गार पडायला लागल्या की गल्लीच्या तोंडाशी त्याच्या पिंजणाच्या तारेचा टण्ण आवाज यायचा आणि आई आतल्या खोलीतून गाद्या ओढत अंगणात आणायची. दर वेळी तोच वाद. "काका, मागच्या खेपेला कापूस नवा भरला होता ना? मग एवढ्यात दगड कसा झाला?" पिंजारीकाका शिवण उसवायचे, आतला कापूस चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, "कापूस तेवढाच हाय बाई. गादी बसली. हवा गेली त्यातली." तास-दीड तासात त्याच काळपट, गोळे झालेल्या कापसाचा गुडघ्याएवढा ढीग तयार व्हायचा. वजन तेच असायचं, पण हात घातला की कोपरापर्यंत ऊब लागायची.

पुढे इंजिनिअरिंगला 'थर्मल कंडक्टिव्हिटी' नावाचा धडा आला तेव्हा मला पिंजारीकाका आठवले. उष्णता अडवते ती कोंडून धरलेली, हलू न शकणारी हवा. कापूस, लोकर, काचेचा धागा, थर्मोकोल हे सगळे त्या हवेचे पिंजरे. थर्मोकोलमध्ये तर आकारमानाच्या सुमारे 98 टक्के हवाच असते. पिंजरा कशाचा आहे याने फार फरक पडत नाही आणि म्हणूनच तो टाकाऊ वस्तूचाही चालतो. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, फाटक्या जीन्सचे धागे, पाण्याच्या बाटल्या वितळवून काढलेला पॉलिस्टर, काचेचा चुरा घालून केलेली ग्लास वूल यांची उष्णता अडवण्याची ताकद एकमेकांच्या आसपासच आहे. मग निवडायचं कसं, या प्रश्नातून हे पुस्तक झालं.

पुस्तक नव्या बांधकामासाठी नाही. घर आहे, त्यात माणसं राहताहेत, मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोपवत नाही आणि आता दुरुस्ती काढलीच आहे तर काहीतरी करून घ्यावं म्हणतोय, अशा माणसासाठी ते आहे. त्याच्याकडे ठेकेदार येतो, खिशातून पोस्टकार्डाएवढे चार नमुने काढतो आणि सांगतो, "साहेब, हे रिसायकल मटेरियल, एकदम इको." त्या क्षणी काय विचारायचं हे कळावं, एवढाच या पुस्तकाचा आवाका.

ऊन घरात कुठून येतं हे मात्र आधी बघायला हवं. थंड देशांतल्या पुस्तकांत भिंतींवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, कारण तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि मार बसतो तो छताला. सहा इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि चारेक तास मागे राहून ते खाली सोडतो. दुपारी तीनला वर पडलेलं ऊन संध्याकाळी सात-आठला पलंगावर पोहोचतं. वऱ्हाडात कूलर लावून निजणाऱ्याला हे पाठ असतं: बाहेर वारा सुटलेला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलेलं, तरी वरून निखारा धरल्यासारखं. म्हणून भिंतींना या पुस्तकात एकच प्रकरण आहे, तेही आखूड. पश्चिमेची उघडी भिंत सोडली तर बाकीच्यांवर पैसे घालण्याआधी छत बघा.

छताच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलाय. पुण्या-मुंबईत गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. फुटक्या विटा वापरतात, म्हणजे पुनर्वापर झालाच. त्याने पाणी अडतं, उतार मिळतो. पण 'कोब्यामुळे घर गार राहतं' हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही. केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिते'ने 2018 साली घरांच्या छतासाठी एक मर्यादा घातली: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा सहा इंची स्लॅब साधारण साडेतीन वॅट येऊ देतो. तो 1.2वर आणायला फक्त विटांचा कोबा वापरायचा म्हटलं तर थर लागेल सुमारे 42 सेंटीमीटरचा. म्हणजे दीड फुटाच्या जवळ, आणि एका चौरस मीटरवर पाऊण टन वजन. तेच काम दोन-सव्वादोन सेंटीमीटर कापूस, पॉलिस्टर किंवा थर्मोकोल कागदावर करून दाखवतो. प्रत्यक्षात सांधे असतात, दाब असतो, म्हणून आपण दुप्पट धरू. तरी दोन इंच.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो. मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि वऱ्हाड-खानदेशातही माळवदाची, धाब्याची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर वीतभर-हातभर माती. आत गारवा असा की भर दुपारी घोंगडी घ्यावीशी वाटावी. हेही टाकाऊतूनच केलेलं होतं: शेतातल्या काटक्या, झाडांचा पाला, पडक्या वाड्याची पांढरी माती. मात्र गळायला लागलं की त्यावर आणखी माती टाकायची रीत होती आणि पिढ्यान् पिढ्या छत जाड होत गेलं. फूटभर माती म्हणजे एका चौरस मीटरवर चार-पाचशे किलो. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती सुटल्या आणि हा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. हजारो गेली. माळवदाच्या आठवणी काढताना मीही हळवा होतो. तरी जुन्या घराच्या स्लॅबवर 'नैसर्गिक' म्हणून मातीचा थर टाकायला निघालेल्या मित्राला मी दोनदा अडवलंय. हलकं आणि जाड, हे आपल्याला हवं.

फुटक्या वस्तूंचा थोर उपयोग बघायचा असेल तर अहमदाबादला 'संगाथ'ला जावं. बाळकृष्ण दोशी यांचं हे कार्यालय, 1980च्या सुमारास बांधलेलं. दोशी जन्मले पुण्यात, 1927 साली. वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक 2018 साली त्यांना मिळालं, तेव्हा ते घेणारे ते पहिले भारतीय ठरले. संगाथची छतं लांबट कमानींची आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे जडवलेत. ऊन त्यांवर पडतं आणि बरंचसं परत जातं. कमानीच्या पोटात मातीच्या पोकळ नळ्या घातल्यात. म्हणजे वर आरसा आणि आत कोंडलेली हवा. उन्हाची एक वाट परावर्तनाने अडवली, दुसरी पोकळीने.

ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्या गच्चीवर 'चायना मोझेक' आपण केव्हापासूनच करतो. टाइल्सच्या दुकानामागे फुटलेल्या मालाचा ढीग असतो, तो गोणीच्या भावात मिळतो. अडचण अशी की बरेच जण त्यातले तपकिरी, निळे, हिरवे तुकडे निवडून नक्षी काढतात. नक्षी छान दिसते, पण गडद तुकडा ऊन पितो. पांढरेच तुकडे घ्या, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरा आणि पाऊस संपल्यावर एकदा घासून धुवा. धुळीने काळवंडलेली पांढरी फरशी निम्मं काम सोडून देते. नक्षीची हौस असेल तर ती कठड्यावर भागवावी.

तिरुवनंतपुरममध्ये राहून लॉरी बेकर यांनी दुसरी युक्ती रुळवली. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं भार घेत नाही, तिथे टाकून दिलेली मंगलोरी कौलं घालायची, दोन-दोन एकमेकांवर, म्हणजे मध्ये हवा राहते. काँक्रीट वाचतं, छत हलकं होतं, उष्णता थोडी कमी येते. कोकणात आणि पुण्या-साताऱ्यात जुनी घरं पाडताना निघणारी कौलं बघितली की मला दर वेळी हे आठवतं. दुरुस्तीत मात्र याचा उपयोग नाही, कारण ओतलेल्या स्लॅबमध्ये कौल घालता येत नाही. वरचा मजला नव्याने चढवणार असाल तरच ते पान उघडा.

आता धाग्यांच्या वस्तूंकडे, म्हणजे या पुस्तकाच्या मधल्या आणि सगळ्यांत लांबलेल्या भागाकडे.

रद्दीच्या कागदाचं इन्सुलेशन अमेरिकेत जुनं आहे. 1970च्या दशकात तेल महागलं तशी लोकांनी घरांच्या माळ्यांत कागदाचा भुगा भरायला सुरुवात केली. कारखाने रातोरात उभे राहिले, आगीपासून वाचवणाऱ्या रसायनात काटकसर झाली आणि शेवटी 1978 साली तिथल्या संसदेला तातडीचा कायदा करावा लागला. रसायन काय, तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. कॅरमच्या पटावर टाकतो आणि झुरळांसाठी ओट्याखाली भुरभुरतो तेच. चांगल्या मालात ते वजनाच्या 15 ते 20 टक्के असतं. आग थोपवतं आणि वाळवीलाही नकोसं होतं. आपल्याकडे मात्र रद्दीला भाव आहे, ती कागद गिरण्यांकडे जाते, म्हणून असा तयार माल सहज मिळत नाही. कोणी घरच्या घरी कागद भिजवून, कुस्करून, वाळवून छतात भरायला सांगत असेल तर ऐकू नका. बोरॅक्स प्रत्येक धाग्याला सारखा लागला नाही तर आपण माळ्यावर सरपण रचतो.

जीन्सचंही तसंच. अमेरिकेत जुन्या जीन्स गोळा करून त्यांचं इन्सुलेशन करण्याची मोहीम 2006पासून चालू आहे. आपल्याकडे सुती कतरणीचा डोंगर आहेच. भिवंडी-इचलकरंजीची चिंधी आणि हरियाणातलं पानिपत, जिथे जगभरचे जुने लोकरी कपडे येऊन सूत आणि घोंगड्या होऊन बाहेर पडतात. तेव्हा वस्तू आपल्याला परकी नाही. ठेकेदाराला एवढं विचारा: ही कारखान्यातली कतरण की वापरून टाकलेले कपडे? दोन्ही वाईट नाही. फक्त 'रिसायकल'चा शिक्का दोन्हींवर सारखाच बसतो, आणि कारखान्याची कतरण बहुतेक वेळा तशीही कोणीतरी घेतच होतं.

बाटल्यांपासून केलेला पॉलिस्टर सध्या सगळीकडे मिळतो. ऑफिसांतून आवाज अडवायला लावलेले मऊ फलक बहुधा त्याचेच. त्याची माझ्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे हाताळताना अंग खाजत नाही आणि धागा स्वतः पाणी पीत नाही. ओला झाला तर वाळतो. आगीत मात्र तो वितळून थेंब थेंब गळतो, म्हणून त्याच्या खाली जिप्समचा बोर्ड किंवा प्लास्टर हवंच, उघडा ठेवू नये. ग्लास वूल आगीत बरी, पण कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो, आणि आपले कारागीर यांतलं काहीही घालत नाहीत. ते तुमच्या घरात, तुमच्या पैशाने काम करताहेत. मास्क तुम्ही आणून द्या.

उसाच्या चिपाडाबद्दल मला वाचकांकडून हमखास विचारलं जातं, कोल्हापूरकडून विशेष. कल्पना जुनी आणि चांगली आहे. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या लुईझियानात चिपाडापासून 'सेलोटेक्स' नावाचे इन्सुलेशनचे फलक निघत. पण आपल्या साखर कारखान्यांचं चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज होते, ते आज खऱ्या अर्थाने टाकाऊ राहिलेलंच नाही. थर्मल वीजकेंद्रांच्या राखेची गोष्ट उलटी आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे राख मुबलक आहे आणि तिच्यापासून होणारे हलके ब्लॉक विटेपेक्षा चौपट तरी उष्णता अडवतात. पश्चिमेची भिंत नव्याने उभारायची असेल तर दुसरा विचार करायचं कारण नाही.

आणि थर्मोकोल. 2018च्या मार्चमध्ये राज्य सरकारने थर्मोकोलच्या ताटवाट्या आणि मखरांवर बंदी आणली, तेव्हापासून टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्मोकोल साठवून फॉल्स सीलिंगवर टाकणारे हुशार लोक मला भेटू लागले. हेतू चांगला आहे. पण त्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या फटींतून गरम हवा खेळते, उंदीर त्यात घर करतात आणि जवळून गेलेली वायर तापली तर तो शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो. पॅकिंगच्या मालात आग थोपवणारं रसायन असेलच असं नाही.

माझी स्वतःची फजिती इथेच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी फॉल्स सीलिंगवर सुती कतरणीच्या लाद्या घातल्या. पुस्तकं वाचून, नमुने बघून, अगदी अभिमानाने. तो उन्हाळा सुखाचा गेला. जुलैत हॉलच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग दिसला, मग ओल्या पोत्याचा वास. जिप्समचा एक चौकोन काढला आणि वरून लादी घसरून माझ्या खांद्यावर आली. भिजलेली गोधडी उचलून बघितली असेल त्याला त्या वजनाची कल्पना येईल. गच्चीतून बारीक गळती होती, आधीपासूनच असणार. उघडा स्लॅब असता तर पहिल्याच पावसात थेंब दिसला असता. माझ्या कापसाने तो महिनाभर मुकाट्याने पिऊन घेतला. ठेकेदाराने गळतीबद्दल विचारलं नव्हतं, पण विचारायला मला तरी कुठे सुचलं होतं?

तेव्हापासून क्रम ठरला. आधी गळती, मग वायरिंग, मग इन्सुलेशन. पहिल्या पावसात फक्त गच्ची बघायची, आत काही भरायचं नाही. सीलिंगमध्ये एक झडप ठेवायची, डोकं आत जाईल एवढी. छतातल्या एलईडी दिव्यांच्या पाठीवर आणि त्यांच्या छोट्या डबीवर काहीही पांघरूण घालायचं नाही, त्यांना श्वास लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्यात सुती आणि कागदी माल मी सुचवतच नाही. तिथे पन्हळी पत्र्याखाली पॉलिस्टर आणि दोहोंमध्ये हवा खेळायला जागा, बस्स.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल एक सूचना पुस्तकात तीनदा आली आहे, संपादकांनी काढा म्हटलं तरी मी ठेवली. पूर्वीचे करडे सिमेंटी पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडून कोब्यात घालणं, करवतीने कापून दुसरीकडे बसवणं हा पुनर्वापर नव्हे. त्यांची धूळ छातीत जाऊन बसते आणि आजार पंचवीस-तीस वर्षांनी वर येतो. ते न फोडता, पाणी मारून ओले करून, अख्खे उतरवायचे असतात.

नमुना हातात आला की काय करायचं, तेवढं सांगून थांबतो, कारण पुढची पानं त्याच सवयीवर उभी आहेत. काडेपेटीएवढे तीन तुकडे कापा. एक गच्चीवर, जमिनीवर ठेवून, जवळ पाण्याची बादली घेऊन गॅसच्या लायटरने पेटवा: ज्योत काढल्यावर तो विझला की धुमसत राहिला, गळला की काळा पडून थांबला, धुराला कसला वास आला, हे बघा. दुसरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून रात्रभर पाण्यात टाका, सकाळी निथळून पुन्हा तोला आणि मग तो वाळायला किती दिवस घेतो ते बघा. तीन दिवसांनी कुबट वास आला तर तो माल तुमच्या गावच्या पावसाचा नाही. तिसऱ्यावर वरवंटा ठेवून आठवडाभर विसरून जा. नंतर जाडी मोजा. पिंजारीकाका जे चिमटीने बघायचे ते आपण पट्टीने बघतोय, एवढाच फरक. जो माल आठवड्यात बसला तो तुमच्या छतात पाच वर्षांत बसणार आणि तो पुन्हा पिंजायला तिथे कोणी येणार नाही.

या तुकड्यांना घरातले हसतात. आमच्याकडे फ्रिजवर वरवंट्याखाली कायम काहीतरी दबलेलं असतं आणि सुनबाईंनी त्याला 'बाबांचं लोणचं' असं नाव ठेवलंय.

पुस्तक क्रमाने वाचायची सक्ती नाही. ज्यांच्या घराला पत्रा आहे त्यांनी थेट चौथ्या प्रकरणाकडे जावं. बाकीच्यांसाठी पहिलं प्रकरण गच्चीवर सुरू होतं: मे महिन्यात, संध्याकाळी साडेसात वाजता, चपला दाराशी काढून.